साडूभाऊंचा सैल हात

मोजून देणं ही विद्या माझ्या साडूभाऊंच्या घराण्यात कुणालाच अवगत नव्हती, आणि साडूभाऊंनी तर ते अज्ञान पार कळसाला नेलं होतं. अशा माणसावर, ‘ठरलं तेवढंच द्यावं, त्यावर कणभरही देऊ नये’ हे शिकवणारी एक परदेशी परीक्षा पास होण्याची वेळ आली. मी याला नशिबाची थट्टा म्हणतो. माझी बायको म्हणते, ते दाजींचे भोग होते. साडूभाऊ हे तिच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान, त्यामुळे त्यांच्या बाबतीत तिचं मत शेवटचं धरायचं, असा आमच्या घरातला रिवाज आहे.

त्यांचे वडील राहुरीच्या आठवडे बाजारात गूळ-शेंगदाणे विकायचे. तागडीचं पारडं खालच्या पोत्याला टेकल्याशिवाय वडिलांना वजन झाल्यासारखं वाटायचं नाही, आणि टेकल्यावर वर एक मूठ पडायची ती वेगळीच. धंदा कसा चालला हे विचारू नका. तो चालला नाही. पण चिरंजीवांनी वडिलांचा हात जसाच्या तसा उचलला. साडूभाऊंना रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर ते सांगत नसत, नेऊन सोडत. किती वाजले विचारलं तर वेळ सांगून वर पुढची एसटी केव्हा आहे आणि ती चुकली तर जीप कुठून मिळेल, हेही सांगत. एकदा आमच्या सासूबाईंना राहुरीच्या गाडीत बसवून द्यायला ते नगरच्या तारकपूर स्टँडवर गेले. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, आत चढून सासूबाईंना बसवलं, पिशव्या वर ठेवल्या, शेजारच्या बाईला ‘आमच्या आईंना गाडी लागते, जरा ध्यान ठेवा’ म्हणून सांगितलं, कंडक्टरला उतरायचं ठिकाण समजावलं, मग त्याच्या पोराबाळांची चौकशी केली, आणि एवढं होईस्तोवर गाडी सुटून विळद घाटात पोचली होती. तिथून ते एका मालट्रकने परत आले. येताना ट्रकचा ड्रायव्हर घरी जेवायला बरोबर होता.

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत ते एका कारखान्यात नोकरीला होते. साखर कारखान्यांना लागणारे कन्व्हेयर, म्हणजे उसाचा चोथा वाहून नेणारे लांबच लांब पट्टे, तिथे तयार होत, आणि ते जागेवर नेऊन उभे करण्याचं काम साडूभाऊंकडे होतं. डिप्लोमा झालेला, हातात कसब, आणि हाताखालची माणसं त्यांच्यासाठी जीव टाकायची. फक्त कागदावरचं यंत्र आणि साडूभाऊंनी उभारलेलं यंत्र यांत नेहमी थोडा फरक पडे, आणि तो नेहमी गिऱ्हाइकाच्या फायद्याचा असे. उरलेल्या लोखंडी अँगलचं एक बाक करून ते ऑपरेटरसाठी ठेवून देत. शिडीला एक पायरी जास्त लावत, कारण ‘तिथला मानूस बुटका हाय’. आणि खांबाला डबा अडकवायचा एक हूक तर ठरलेलाच. काम संपलं की तिकडची मंडळी त्यांना सोडत नसत. फेटा, नारळ, कुणाच्या तरी वस्तीवर जेवण, आणि निघताना जीपमध्ये उसाची मोळी. घरी आल्यावर ती मोळी आख्ख्या गल्लीत वाटली जाई आणि ताईंच्या वाट्याला पाचट येई.

मग नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा त्यांच्या कारखान्यात परदेशी भागीदार आले. त्यांचा एक उंच, लालबुंद साहेब हातात ड्रॉइंग घेऊन उभारणीच्या जागेवर फिरला आणि त्या हुकापाशी थांबला. हा हूक ड्रॉइंगमध्ये कुठे आहे, असं त्याने विचारलं. साडूभाऊंनी आपल्याजवळचं होतं नव्हतं तेवढं सगळं इंग्रजी खर्ची घातलं. ‘‘डबा, सर. टिफिन. डॉग नॉट रीचिंग.’’ साहेबाने वहीत काही तरी टिपलं, आणि थोड्याच दिवसांत फर्मान निघालं. यापुढे ज्याला प्रोजेक्टचा प्रमुख व्हायचं असेल त्याने प्रोजेक्ट मॅनेजमेंटची अमुक परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट आणलं पाहिजे. जो आणणार नाही त्याची बदली स्टोअरमध्ये. स्टोअर म्हणजे जाळीच्या खिडकीमागे बसून लोकांना नटबोल्ट द्यायचे. साडूभाऊंना दुसरी कुठलीही शिक्षा चालली असती. ‘‘मोजून, सर,’’ ते मला म्हणाले. ‘‘एकेक नट मोजून द्यायचा. तेबी सही घिऊन.’’ त्यांचा चेहरा मला बघवेना.

मी राहुरीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो, म्हणून ते मला सर म्हणत, आणि म्हणूनच ही लढाई माझ्या ओसरीवर लढायची असं ठरलं. दर रविवारी सकाळी ते नगरहून स्कूटरवर येत. मागे ताई, ताईंच्या मांडीवर पेरूंची पाटी किंवा कांद्याचं गाठोडं, आणि दोघांच्या मध्ये ते जाडजूड इंग्रजी पुस्तक. डिप्लोमामुळे वाचण्यापुरतं इंग्रजी त्यांना येई, पण अर्थ पक्का व्हावा म्हणून मी प्रश्न वाचून मराठीत सांगायचा, खालचे चार पर्याय सांगायचे, आणि त्यांनी एक निवडायचा. कामाच्या भागात ते वाघ होते. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुठलं रखडलं की सगळंच रखडतं, याचं जाळं ते बोलता बोलता काढून दाखवत. गाडी अडायची ती माणसांपाशी.

‘‘ग्राहक म्हणतो,’’ मी वाचलं, ‘‘ठरलेल्या कामात एक लहानशी भर घाला. खर्च नगण्य. तुम्ही काय कराल?’’

‘‘घालायची.’’

‘‘चूक. आधी परिणाम तपासायचा, मग त्याच्याकडून लेखी विनंती घ्यायची, मग मंजुरी, आणि मग काम.’’

‘‘तोवर तो मानूस उभाच ऱ्हानार?’’

‘‘तो उभा आहे की बसलाय, ते पुस्तकात दिलेलं नाही.’’

‘‘बसवायला पायजे हुतं,’’ साडूभाऊ म्हणाले. ‘‘बसवून च्या दिला का निम्मं काम हुतं.’’

पुढचा प्रश्न त्याहून वाईट होता. ठरलेल्या पैशात ठरल्यापेक्षा थोडं जास्त देता येईल असं तुमच्या लक्षात आलं, तर काय कराल? उत्तर होतं, देऊ नये. नुसतं देऊ नये एवढंच नव्हे, तर असं देणं हा दोष आहे, त्याला इंग्रजीत सोन्याचा मुलामा चढवणं म्हणतात, आणि चांगला प्रमुख आपल्या माणसांना ते करू देत नाही, असं खाली स्पष्टीकरणही होतं. साडूभाऊंनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग उठून बाहेर गेले, रांजणातलं पाणी प्याले आणि दारातूनच म्हणाले, ‘‘सर, हे पुस्तक कोनी लिव्हलं हाय? त्याच्या घरी पाव्हनं येत न्हाईत का?’’ पुरवठादाराने सणाला मिठाईचा डबा पाठवला तर काय कराल, या प्रश्नाला चारही पर्याय त्यांना माणुसकीला सोडून वाटले. तेव्हा त्यांनी पेन्सिलीने खाली पाचवा पर्याय लिहिला, ‘डबा घ्यावा व भरून परत पाठवावा’, आणि त्यावर खूण केली.

अशा तयारीने ते मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आले आणि नापास झाले. पास झाले असते तर मला त्या परीक्षेची काळजी वाटली असती. पण नापास व्हायचं कारण माझ्या कल्पनेपेक्षाही थोर निघालं. उत्तरपत्रिकेवर बरोबर पर्यायाचा गोल पेन्सिलीने काळा करायचा असतो. निकालानंतरच्या रविवारी मी त्यांना आठवतील ते प्रश्न सांगायला लावले, तर पठ्ठ्याची उत्तरं बरीचशी बरोबर येत होती. मी चक्रावलो. मग हळूहळू बाहेर आलं की जिथे जिथे दोन पर्याय बरे वाटले तिथे त्यांनी दोन्ही गोल काळे केले होते.

‘‘अहो, दोन का?’’ मी कपाळाला हात लावला.

‘‘एक तर बरोबर हुताच की,’’ ते म्हणाले. ‘‘दुसरा ऱ्हाऊ दिला, वर.’’

चहाचे कप घेऊन ताई आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘ह्यांना मार्क कमी पडले न्हाईत. ह्यांचं जास्त झालं.’’

परीक्षा पुन्हा देता येणार होती, पण साहेबाने तेवढी एकच संधी ठेवली होती. त्यानंतर जाळीची खिडकी. तेव्हा ताईंनी कारभार हाती घेतला. पुस्तक वाचून हा माणूस सुधारायचा नाही, सवयच मोडली पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. त्या दिवसापासून घरात जे काय द्यायचं ते मागितलं तेवढंच द्यायचं, असा हुकूम झाला. साडूभाऊंनी तो मनापासून पाळला, आणि त्यांचं मनापासून म्हणजे काय हे आम्हाला आता कळायला लागलं. शेजारणीने वाटीभर साखर मागितली, तर त्यांनी वाटी भरून फूटपट्टीने वरची साखर सपाट केली आणि मगच तिच्या हातात दिली. ती बाई पुढे पंधरवडाभर ताईंशी बोलली नाही. काही तरी बिनसलंय असं तिने धरलं. कुणी पत्ता विचारला तर बोटाने दिशा दाखवून ते चालू लागायचे आणि थोडं पुढे जाऊन, माणूस बरोबर वळला का, हे चोरून बघायचे.

या तालमीचा कडेलोट त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्यात झाला. पंगतीत बुंदी वाढायचं काम वर्षानुवर्षं साडूभाऊंकडेच असे, कारण त्यांच्याइतका आग्रह करणारा माणूस साऱ्या पंचक्रोशीत नव्हता. पानावर आडवा धरलेला हात ते प्रेमाने बाजूला करायचे, माणसाने पान उचललं तर पानामागे जायचे. आपल्याकडे ‘बास’ या शब्दाचा पहिल्यांदा उच्चारला तर काही अर्थ नसतो, दुसऱ्यांदा ‘चालू द्या’ असा असतो, आणि तिसऱ्यांदा बोलणारा खरोखरच आडवा व्हायला आलेला असतो, हे काय मी सांगायला हवं? मुलाकडची पाहुणे मंडळी बसली. मुलाचे चुलते पहिल्याच पानावर. साडूभाऊंनी एक डाव बुंदी घातली, चुलत्यांनी रीतीप्रमाणे हात आडवा धरून ‘बास बास’ म्हटलं, आणि साडूभाऊ ‘बरं’ म्हणून पुढच्या पानाकडे गेले. चुलत्यांचा हात तसाच आडवा राहिला. बघता बघता सगळी पंगत एकेका डावात आटोपली. परातीतली बुंदी डोंगरासारखी जागच्या जागी, आणि पाहुणे एकमेकांकडे बघत भाताची वाट पाहतायत.

हात धुताना चुलते मोठ्याने, पण कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, ‘‘पोरगी नक्षत्रावानी हाय. पर घराचा हात आखडता दिसतो.’’ पुतणीच्या बापाचा चेहरा उतरला. बुंदीवरून सोयरीक मोडल्याचं तुम्ही ऐकलं नसेल. मी दोन ऐकल्यात. मी साडूभाऊंना मांडवामागे ओढलं, तर ते मलाच पुस्तक ऐकवायला लागले. ‘‘ते सवताच्या तोंडानं बास म्हनले, सर. ग्राहकानं सांगितल्यावर त्याच्यावर वाढायचं न्हाई. तुमीच शिकवलं.’’ तेवढ्यात ताई आल्या. त्यांनी परात उचलून नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘‘ती परीक्षा ऱ्हाऊ द्या तिकडं. पोरीचं लगीन हाय. जा आनि तुमच्यासारखं वाढा.’’

पुढचं दृश्य मी कधी विसरणार नाही. पाहुणे टेम्पोत चढत होते. साडूभाऊ परात घेऊन धावत गेले आणि फाळक्यावर चढून एकेकाला बुंदी चारू लागले. महिन्या-दीड महिन्याचं तुंबलेलं होतं ते सगळं बाहेर पडलं. ‘माझ्या गळ्याची आन हाय’ काय, ‘पोरीसाठी एक घास’ काय! चुलते ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांना दोन्ही हातांनी भरवलं, धोतराच्या सोग्यात ओतली, आणि ते ‘अहो नको, अहो बास’ म्हणत इतके खूश झाले की टेम्पो सुटल्यावरही त्यांचं हसणं ऐकू येत होतं. लग्न ठरल्या तिथीला थाटात लागलं.

सोयरीक वाचली, पण परीक्षा तोंडावर आली होती आणि तालीम धुळीला मिळाली होती. तेव्हा मास्तरकीची सगळी वर्षं पणाला लावून मी त्यांना एक युक्ती सांगितली. ‘‘साडूभाऊ, तुम्ही बदलू नका. फक्त प्रश्न वाचल्यावर तुम्हाला मनापासून जे करावंसं वाटेल ना, तो पर्याय आधी खोडायचा. मग उरलेल्या तिन्हींतून निवडायचं. आणि गोल एकच.’’ ‘‘म्हंजी मन ज्याला व्हय म्हनंल ते चूक,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘‘त्या एका दिवसापुरतं.’’

ते पास झाले. निकाल कळला त्या दिवशी ताई देवापुढे साखर ठेवून रडल्या, त्यांना रडताना त्यापूर्वी कुणी पाहिल्याचं मला माहीत नाही. साडूभाऊंनी राहुरीत येऊन माझ्या शाळेत पेढे वाटले. मास्तरांना, पोरांना, शिपायाला, आणि पेढे उरले म्हणून रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याला. मी मोठ्याने हसत होतो, पण पुढच्या रविवारी ओसरी रिकामी राहिली तेव्हा मला करमेना. परीक्षा संपली म्हणजे रविवारही संपले, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी एका संध्याकाळी कंपनीची जीप माझ्या दारात थांबली. श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्याचं काम पुरं करून साडूभाऊ नगरला परतत होते. प्रमुख म्हणून त्यांचं पहिलंच काम. मुदतीच्या आत झालं, ठरल्या खर्चात झालं, ड्रॉइंगबाहेरचा एक खिळा नाही, साहेबाने पाठ थोपटली. हे सगळं त्यांनी मला सांगितलं आणि मग बायकोला म्हणाले, ‘‘काय भाकरतुकडा आसंल तर वाढा. भूक लागलीय.’’ मी चकित झालो. काम संपवून साडूभाऊ उपाशी परतल्याचं कधी घडलं नव्हतं. ते खाली मान घालून जेवले आणि पाणी पिऊन म्हणाले, ‘‘सर, काम चोख झालं. सह्या झाल्या. पर कोनी जेवून जा म्हनलं न्हाई.’’

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. पट्ट्यापाशी उभं राहणारे केरूनाना म्हणून एक ऑपरेटर होते. भर उन्हात दिवसभर तिथे उभं राहायचं. ते एकदा म्हणाले, साहेब, डोक्यावर एक पत्रा टाकला तर बरं होईल. साडूभाऊंचं मन लगेच हो म्हणालं. पण मन ज्याला हो म्हणेल ते चूक, म्हणून त्यांनी ते खोडलं, आणि लेखी अर्ज द्या असं सांगितलं. केरूनाना ‘बरं’ म्हणाले आणि त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. एवढंच झालं होतं. माझ्या युक्तीने त्यांची नोकरी वाचली होती, पण त्या संध्याकाळी ती मला विषासारखी वाटली. मी म्हटलं, ‘‘साडूभाऊ, मी एका दिवसापुरतं म्हणालो होतो.’’ ते म्हणाले, ‘‘त्या खुर्चीवर रोजच परीक्षा हाय, सर.’’

पुढच्या रविवारी सकाळी एक टेम्पो दारात उभा राहिला. मागे पत्रे, पाइप, आणि त्यांच्या ओळखीचा एक वेल्डर. साडूभाऊ म्हणाले, ‘‘बसा. धरायला मानूस कमी पडतंय.’’ साहेबाला कळलं तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘‘सायबाचा मानूस मी सोमवारपासून शनवारपर्यंत. आज मी तुमचा साडू हाय.’’ तिथल्या फोरमनला विचारून आम्ही तो पत्रा ठोकला. मी फक्त एक पाइप धरून उभा होतो, आणि तोही वाकडा धरला असं माझ्यावर बालंट आलं. केरूनाना हात पुसत आले. सावलीत जाऊन उभे राहिले, वर पाहिलं, आणि मग म्हणाले, ‘‘चला. घरी पिठलं-भाकरी हाय.’’ कामगारांच्या चाळीतल्या त्या खोलीत आम्ही इतकं जेवलो की टेम्पोत चढताना वेल्डरला खालून ढकलावं लागलं.

परतताना साडूभाऊ टेम्पोत मागे माझ्या शेजारी बसले होते. प्रवरेचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, ‘‘सर, साहेब लई खूश हाय. केनियात साखर कारखाना हुभा करायचाय, त्यावर मला पाठवतोय. दोन वर्षं.’’ मी अभिनंदन केलं. करायलाच हवं होतं. याच्यासाठी तर सगळं केलं होतं. पण असा सैल हाताचा माणूस इतक्या लांब जाणार, आणि तिथे त्याला ओळखणारं कुणी नसणार, हे मला सोसवेना. ‘‘ताई काय म्हणतात?’’ मी विचारलं. ‘‘ती म्हनली, जा. मी बी येते मागून.’’ दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता. ते त्याच्याकडे बघत राहिले.

‘‘तिकडची मानसं जेवायला आग्रह करत्यात का हो?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मला काय माहीत,’’ मी म्हणालो.

‘‘करत असतील,’’ ते म्हणाले. ‘‘उसाचाच मुलूख हाय म्हनत्यात.’’